आशीर्वाद कुणाला, जाब कुणाला?



मागे आमच्या गटाच्या बैठकीत अमेरिकेतल्या गर्भपातबंदीचा विषय निघाला. मी म्हटलं, तिथल्या अध्यक्षांच्या भाषणातला देव आधी तपासायला हवा. एक जुनी कार्यकर्ती हसली. म्हणाली, "अगं, आपण पत्रिकेवर 'श्री' लिहितो तसं ते शेवटी 'गॉड ब्लेस अमेरिका' म्हणतात. त्यात काय एवढं?" 'त्यात काय एवढं' हे मी चळवळीत फार वेळा ऐकलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

ही रीत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. रशियाच्या 'निरीश्वरवादा'ला उत्तर म्हणून १९५४ साली शाळेतल्या प्रतिज्ञेत देवाचं नाव घातलं गेलं. १९५६ साली देवावरचा विश्वास हे राष्ट्राचं अधिकृत ब्रीद झालं. अध्यक्षांच्या भाषणाचा शेवट 'गॉड ब्लेस अमेरिका'ने केला तो निक्सन यांनी, ३० एप्रिल १९७३ रोजी, वॉटरगेट प्रकरण गळ्याशी आलं तेव्हा! पुढे रेगन यांनी त्याची प्रथाच पाडली. रॉबर्ट बेला या समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली या सगळ्याला 'नागरी धर्म' म्हटलं. हा धर्म राष्ट्राला वरच्या न्यायासनापुढे उभं करील, अशी त्यांना आशा होती.

तसं कधी कधी घडलंही. १८५१ साली सोजर्नर ट्रूथ या गुलामगिरीतून सुटलेल्या बाईने भर सभेत विचारलं की ख्रिस्त देवापासून आणि बाईपासून आला, त्यात पुरुषाचा वाटा कोणता? तेव्हाच्या वृत्तांतात हे नोंदलेलं आहे. १८६५ साली लिंकन म्हणाले की हे युद्ध म्हणजे गुलामगिरीच्या पापाची शिक्षा असेल. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बायबलमधल्या संदेष्ट्यांची भाषा वापरली, ती राष्ट्राकडून थकलेलं देणं मागण्यासाठी. आपल्या पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण धर्मगुरूंपुढे त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. तेव्हा माझं भांडण श्रद्धेशी नाही.

भांडण आहे ते सत्तेचं कौतुक करणाऱ्या देवाशी. ८ मार्च १९८३, म्हणजे नेमका महिला दिन! त्या दिवशी रेगन यांनी ख्रिस्ती धर्मप्रचारकांपुढे सोव्हिएत संघाला 'दुष्ट साम्राज्य' म्हटलं. त्याच भाषणात गर्भपाताला विरोध होता, आणि आईबापांना न कळवता मुलींना संततिनियमनाची साधनं देण्यालाही. लगेच १९८४ साली नियम आला. परदेशी संस्थांना कुटुंबनियोजनासाठी अमेरिकेचा पैसा हवा असेल, तर त्यांनी स्वतःच्या पैशानेही गर्भपाताची सेवा द्यायची नाही, पुरस्कार करायचा नाही. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, तरी तो पैसा घेणाऱ्या संस्थांना ही अट लागू. भाषण तिथलं, तोंड बंद इथल्या बाईचं.

तेव्हापासून हा नियम पक्षानुसार येतो आणि जातो. १९७३ साली कोर्टाने मान्य केलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्कही २४ जून २०२२ रोजी कोर्टानेच काढून घेतला.

आता जानेवारी २०२५ चा एकच आठवडा पाहा. २० तारखेला ट्रम्प शपथविधीच्या भाषणात म्हणाले की अमेरिकेला पुन्हा महान करण्यासाठी देवाने मला वाचवलं. २१ तारखेला वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये बिशप मॅरियन बडी या बाईने त्यांना समोर बसवून विनंती केली की स्थलांतरितांवर, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांवर दया करा. लगेच ट्रम्प यांनी तिच्याकडून माफीची मागणी केली. आणि २४ तारखेला तो १९८४ चा नियम पुन्हा लागू केला.

म्हणजे आशीर्वाद देणारा देव चालतो, जाब विचारणारा चालत नाही. त्यातून जाब विचारणारी बाई असली तर मुळीच नाही.

म्हणून त्या मैत्रिणीला मी सांगते, 'श्री' लिहून कुणाचा दवाखाना बंद पडत नाही. या आशीर्वादाने पडतो. भाषणात देव आला की दोन प्रश्न विचारायचे: या नावाने कुणाला दोषमुक्त केलं जातंय? आणि त्याची किंमत कोण मोजतंय? आपल्याकडच्या व्यासपीठांवर मातेचा जयजयकार सुरू झाला की तेव्हाही हेच विचारू या.