परखी

मी सोलापूरच्या मालधक्क्यावर हमाली करतो. धान्याची वॅगन लागली की आधी परखीवाला पुढे होतो. परखी म्हणजे पोकळ, टोकदार लोखंडी सळई. ती पोत्यात खुपसायची, ओढायची आणि येतील ते मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघायचे. त्या मुठीवर सबंध मालाचा भाव ठरतो. भाव मालकाच्या खिशात जातो. पोत्याला भोक राहतं आणि त्यातून सांडलेलं आमच्या बाया सुपात झाडून घेतात.

या अंकाचं संपादकीय वैद्यकीय संशोधनावर लिहितो म्हणालो तेव्हा आपल्यातलाच एकजण बोलला, "का बे, पोती उचलून डोकं फिरलं काय तुझं? ते डॉक्टर लोकांचं काम हाय की." डॉक्टरांचं काम आहे, कबूल. पण संशोधनाला परखी लागते, परखीला पोतं लागतं आणि ते पोतं बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतून जातं. म्हणून लिहितो.

माझी आई विड्या वळायची. पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि तिच्या अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं. वर्षभर तिनं कुणाला सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "सांगून काय करू रं? हजार विड्या कोण वळंल?" मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा रोग पसरला होता. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तिथं एक दिवस दहा-बारा शिकाऊ डॉक्टर तिच्या खाटेभोवती उभे राहिले. तिच्या अंगावरची चादर कुणीतरी न विचारताच वर केली. ते इंग्रजीत बोलत होते, ती भिंतीकडे बघत होती. मग एक कागद आला. मी तेव्हा मॅट्रिकला होतो, इंग्रजीत पस्तीस मार्कांचा धनी. वाचायला लागलो तर आवाज आला, "ए पोरा, वाचत काय बसलास? अंगठा घे तिचा." मी आईचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. आई सत्तेचाळीसाव्या वर्षी गेली. त्या कागदावर काय लिहिलं होतं ते मला आजही ठाऊक नाही. उपचाराची परवानगी होती की आणखी कशाची, कोण सांगणार?

हे रडगाणं नव्हे. आईच्या मरणानंतर मी त्या रोगाबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. वाचता वाचता कळलं की या रोगावरची जगातली एक फार मोठी चाचणी आपल्या शिवेवरच झाली आहे. ती गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत पाहिजे.

सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटरवर बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात 1987 साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं. खेड्यातली बाई स्वतःहून दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंदणीचे लोक गावोगाव गेले, चावडीत, वस्तीत बसले आणि कुठली लक्षणं अंगावर काढायची नाहीत ते सांगू लागले. नोंदींतून दिसलं की बायकांमध्ये सगळ्यात जास्त कॅन्सर गर्भपिशवीच्या तोंडाचा. आणखी एक गोष्ट दिसली. काही वर्षांतच या भागातल्या बायका रोगाच्या आधीच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या. ना सुई टोचली, ना यंत्र आणलं. माणूस गावात गेला आणि बाईशी नीट बोलला, एवढंच. माझ्या आईशी तेवढंही कुणी बोललं नव्हतं.

या कामाच्या पायावर 1999 साली शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मोठी चाचणी उभी राहिली. मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं रुग्णालय, फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था आणि पैसा गेट्स फाउंडेशनचा. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका. गावांचे 52 समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. पहिल्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, कारण हा रोग त्या विषाणूमुळे होतो. दुसऱ्याला पॅप तपासणी, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघणं. तिसऱ्याला सगळ्यात स्वस्त तपासणी, व्हिनेगरसारखं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं. चौथ्या गटाला तपासणी नाही. त्यांना माहिती सांगितली आणि त्या काळी सगळ्यांना मिळायची ती सेवा चालू ठेवली. त्या सेवेत ही तपासणी नव्हतीच.

आठ वर्षं मोजदाद झाली. 2009 च्या एप्रिलमध्ये निकाल अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात 34,126 बायका होत्या, त्यातल्या 34 या कॅन्सरने मेल्या. चौथ्या गटात 31,488 होत्या, त्यातल्या 64 मेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मरण जवळपास निम्म्यावर आलं. बाकी दोन तपासण्यांनी मरणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जगाला धडा मिळाला.

मुंबईतही 1998 पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर अशीच चाचणी चालली होती. तिथं फक्त आम्ल लावून बघायची पद्धत, पण दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा. मरण 31 टक्क्यांनी कमी झालं. तिथंही अर्ध्या वस्त्यांना तपासणी नव्हती. या चाचण्यांवर पुढे वाद पेटला. अमेरिकेतल्याच एका डॉक्टराने विचारलं की पॅप तपासणी 1940 च्या दशकापासून माहीत असताना हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवून त्यांचं मरण मोजायचं कशाला? अमेरिकी सरकारच्या देखरेख कार्यालयाने तर मुंबईच्या बायकांना संमतीआधी पुरेशी माहिती दिली नव्हती असा ठपकाही ठेवला. इकडच्या डॉक्टरांचं उत्तर असं की देशात तपासणीचा कार्यक्रमच नाही, मग आम्ही कुणाचं काय काढून घेतलं? ज्यांना रोग निघाला त्यांच्यावर आम्ही उपचार केले. आणि तुलनेशिवाय सरकारला पटवणार कसं?

दोस्तांनो, या उत्तरावर थांबा. जिथं आधीच शून्य मिळतंय तिथं शून्यच ठेवलं तर कुणाचं नुकसान झालं नाही, असा हा हिशेब आहे. हिशेबात चूक नाही, भयंकर आहे ते हेच. कारण ते शून्य आभाळातून पडलेलं नाही. आरोग्य केंद्राला कुलूप लावून, तपासणीला पैसा न देऊन, बाईचं दुखणं दुखण्यात न धरून ते वर्षानुवर्षं पिकवलं आहे. गावकुसाबाहेर ते सगळ्यात दाट. आधी व्यवस्था आपल्याला शून्यावर ठेवते. मग ते शून्य शास्त्राच्या कामाला येतं, कारण तुलनेला शून्यच लागतं. श्रीमंतांच्या वस्तीत हा चौथा गट उभाच राहिला नसता. तिथल्या बायका आधीच तपासून घेतात.

1972 साली मुंबईत दलित पँथर जन्मली. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेत एक बातमी फुटली. अलाबामातल्या टस्कीगी इथं सरकारी आरोग्य खात्याने 1932 पासून सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर पाळत ठेवली होती. त्यातल्या 399 जणांना गरमीचा रोग होता. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही, "रक्त खराब आहे" एवढंच सांगितलं. पेनिसिलिन निघालं, तेही दिलं नाही. चाळीस वर्षं माणसं सडताना बघितली आणि टिपून ठेवली. राष्ट्राध्यक्षाने माफी मागितली ती 1997 साली. उस्मानाबाद म्हणजे टस्कीगी नव्हे. इथं कुणाचा माहीत असलेला रोग लपवला नाही, सापडलेल्या रोगावर उपचार झाले. खोटी बरोबरी करून आपली बाजू भक्कम होत नाही. पण ज्यांच्या देहाला समाजाने किंमत दिली नाही त्यांचाच देह मोजमापाला स्वस्तात मिळतो, हे दोन्हीकडे खरं आहे. ज्यांच्यावरून आपण नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरनी डॉक्टरांना नुसत्या शिव्या घातल्या नाहीत. त्यांनी फुकट दवाखाने उघडले आणि काळ्या माणसांना छळणाऱ्या सिकलसेलची तपासणी वस्तीवस्तीत स्वतः केली. हे नाव घेणाऱ्यांनी हेही घ्यायला पाहिजे.

विज्ञान मुर्दाबाद म्हणणारे आपण नव्हे. अंगारा, उतारा, देवऋषी यांच्याकडे आपल्याला परत जायचं नाही. पण संमती चोरली की विज्ञानाचंच नाक कापलं जातं. 2009 साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात एचपीव्हीची लस मुलींना टोचण्याचा प्रकल्प झाला. खम्ममला आश्रमशाळेतल्या आदिवासी पोरींच्या कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या. काही मुली मेल्या. चौकशीत ते मरण लसीमुळे असल्याचं निघालं नाही, पण 2010 साली प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे मारले. लस चांगली होती, चोरी सहीची झाली. नुकसान कुणाचं? चांगल्या लसीकडे वर्षानुवर्षं संशयाने बघणाऱ्या आपल्याच लेकींचं.

आता उधारीचं बोलू. 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग संपवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात प्रत्येक शंभर बायकांपैकी सत्तर जणींची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा खात्रीच्या तपासणीने चाचणी व्हावी असं ठरलं. खात्रीची म्हणजे एचपीव्हीची. उस्मानाबाद जिल्ह्यात जी पारखली तीच. श्रीमंत देशांतल्या बायकांना ती मिळते. आणि आपल्याकडे? केंद्र सरकारने 2016 साली जो कार्यक्रम आखला त्यात आम्ल लावून बघायची स्वस्त पद्धत घेतली. तीही किती जणींपर्यंत पोचली? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी तपासणी झालेल्या 1.9 टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत! 2022 मध्ये या देशात सुमारे 80 हजार बाया या एका रोगाने मेल्या. ज्यांच्या शेजेवर ज्ञान पिकलं त्यांच्या पोरीबाळी अजून सुपात सांडलेलं झाडताहेत.

म्हणून आपलं म्हणणं सरळ आहे. संशोधन करा, आमच्यातही करा. पण विचारून करा. कागद मराठीत, तेलुगूत, कानडीत, उर्दूत आणा. सोलापूर या चार भाषांत रडतं. जी तपासणी आमच्यावर पारखली ती आधी आमच्या आरोग्य केंद्रात फुकट आली पाहिजे. निकाल परदेशी मासिकात छापा, पण त्या गावातही येऊन सांगा. 2019 च्या औषध चाचणी नियमांनी नैतिक समितीत एक सामान्य माणूस बसवायला सांगितलं आहे. त्या खुर्चीवर आपल्या वस्तीतली बाई बसवा. नुसता सह्याजी नको.

सरकारकडे मागायचं ते मागूच. पण आपल्यातल्या मॅट्रिक झालेल्या प्रत्येकाला एक काम आहे. कागदावर अंगठा उमटण्याआधी पाच प्रश्न विचारायचे. हा उपचार आहे की अभ्यास? नाही म्हटलं तर औषध बंद होईल काय? मधूनच बाहेर पडता येईल काय? इजा झाली तर खर्च कोण करणार? निकाल आम्हाला कोण सांगणार? उत्तर मिळेपर्यंत शाईला बोट लावू द्यायचं नाही. आणि घरी गेल्यावर आईला, मावशीला, थोरल्या बहिणीला लाज गिळून विचारायचं की अंगावरून काही जातंय काय. असलं पोराने विचारायचं नसतं म्हणतात. मी विचारलं नाही. त्याची किंमत मी दिली आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी बुधवार पेठेतल्या विहारात बसायचं आहे. घरातले दवाखान्याचे जुने-नवे कागद घेऊन या. ज्याला इंग्रजी येतं त्याने वाचायचं, बाकीच्यांनी विचारायचं. आईचे केसपेपर पत्र्याच्या पेटीत आहेत. मीही घेऊन येतो.