पुस्तकाला नापास करण्याचा हक्क

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या फेरीबोटीची वाट बघत तुमच्यापैकी बरेच जण कितीदा तरी उभे राहिले असतील. बोट येईपर्यंत हातात काय असतं? फोन. आमच्याही हातात तोच असतो, तेव्हा त्यावरून लेक्चर देणार नाही. पण शाळा सुटल्यावर याच किनाऱ्यावर पाचवी-सहावीतली पोरं हुंदडत असतात. होड्यांवर रंगवलेली नावं ती धडाधड वाचतात. म्हणजे वाचता येतं. धड्याबाहेरचं पुस्तक मात्र त्यांच्या हाती क्वचितच पडतं. त्यांच्यासाठी तुम्ही कॉलेजवाल्यांनी एक काम अंगावर घ्यावं, असं आम्हाला वाटतं.

'वाचनाची स्पर्धा घ्या' हे कुणीही सांगेल. पण आधी आपल्या शाळेतल्या स्पर्धा आठवा. 'माझे आवडते पुस्तक' यावर पाच मिनिटं बोलायचं. अर्ध्या वर्गाचं आवडतं पुस्तक 'श्यामची आई', कारण ताईने दोन वर्षांपूर्वी पाठ केलेलं भाषण घरात तयारच असायचं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी उघडलं होतं, देव जाणे. दुसरी स्पर्धा 'सर्वात जास्त पुस्तकं कोणी वाचली' याची. त्यात हुशार पोरं कपाटातली सगळ्यात बारीक पुस्तकं आधी पळवायची. (खोटं का बोला, आपणही तेच केलंय.)

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्याकडे २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. अलीकडे शाळांमधून 'महावाचन उत्सव' झाला. तिसरी ते बारावीच्या मुलांनी पुस्तक वाचून त्यावर लिहायचं. उपक्रम चांगलेच आहेत. पण सगळीकडे परीक्षा होते ती मुलाची. त्याने किती वाचलं, कसं बोलला, अक्षर कसं आहे. पुस्तकाची परीक्षा मुलाने घ्यावी, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

फ्रान्समध्ये गोंकूर नावाचा मोठा साहित्य पुरस्कार आहे. तो १९०३ पासून दिला जातो आणि निवड अर्थातच मोठी माणसं करतात. १९८८ पासून तिथे त्याची शाळकरी आवृत्तीही सुरू झाली. सुमारे दोन हजार विद्यार्थी दरवर्षी त्या यादीतल्या कादंबऱ्या वाचतात, वर्गावर्गात भांडतात आणि आपला विजेता स्वतः निवडतात. कित्येकदा त्यांची निवड ज्येष्ठांपेक्षा वेगळी निघते. तिकडे ते पंधरा ते अठरा वर्षांचे असतात. आपण पाचवी ते आठवीपासून सुरुवात करू.

करायचं काय? बारा पुस्तकं घ्या. प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती. त्यात माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' असू दे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असू दे, एखादं विज्ञानाचं, एखादं चित्रांचं, आणि तुम्हाला स्वतःला कंटाळवाणं वाटलेलंही एक मुद्दाम असू दे. या किनाऱ्यावर उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांच्यासाठी उर्दू पुस्तकं हवीतच. खर्चाचा प्रश्न आला तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, निवडक गोष्टींच्या झेरॉक्स काढून शिवा.

मुलांना सांगायचं की तुम्ही पंच. पंच व्हायचं तर निदान चार पुस्तकं पुरती वाचायला हवीत. ज्याला अडखळत वाचता येतं, त्याला दुसऱ्याने वाचून दाखवलं तरी ते वाचनच धरा. नाहीतर पंचांमध्ये पुन्हा तीच पहिल्या बाकावरची चार मुलं दिसतील, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ती बाहेर टाळ्या वाजवत बसतील. जून-जुलैत मासेमारी बंद असते, घरात माणसं असतात. तेव्हा एक गोष्ट आजीला किंवा बाबांना वाचून दाखवायची आणि त्यांचं मतही लिहून आणायचं. आजीला वाचता येत नसलं तरी गोष्ट रटाळ आहे की नाही, हे तिला बरोबर कळतं.

पंचांची बैठक हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तिथे तात्पर्य विचारायचं नाही. कुठलं पान पुन्हा वाचलंस, कुठे जांभई आली, शेवट पटला का, एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. खरंच गप्प बसा. 'पण हे पुस्तक किती गाजलेलं आहे, माहितीये का?' असं एकदा तोंडून निघालं की पोरं लगेच तुम्हाला हवं ते उत्तर देऊ लागतात. एखाद्या सातवीतल्या मुलीने नावाजलेल्या पुस्तकाला दहापैकी दोन गुण दिले, तर तिला कारण विचारा. कारण देता आलं की गुण कायम. 'या गोष्टीतला समुद्र खोटा आहे' असं जेट्टीवर वाढलेली पोर म्हणाली, तर ऐकून घेण्यासारखं आहे. लेखकापेक्षा समुद्र तिने जास्त पाहिलाय.

आता तुमचा सवाल : आम्हाला वेळ कुठाय? एनएसएसमध्ये असाल तर वर्षाला १२० तास भरायचे असतातच. दरवेळी झाडूच हातात घ्यायला हवा असं नाही. शनिवारी दीड तास, जुलै ते ऑक्टोबर, तिघं मित्र मिळून. मुख्याध्यापकांना आधी भेटा, आणि पुस्तकं फाटतील, हरवतील हे त्यांना स्वतःहून सांगून टाका. शाळेतलं पुस्तकांचं कपाट अनेकदा बंद राहतं ते आळसापेक्षा हिशेब द्यावा लागेल या धास्तीने. दोन-तीन प्रतींची भरपाई तुमच्या ग्रुपने करायची ठरवली, तर किल्ली लवकर मिळेल.

पुस्तकं पेटीत ठेवा, कारण पेटी फिरते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना अशा पेट्यांवरच चालते आणि ती कुठल्या कुठे पोचली. आपल्याला तर फक्त राजपुरीची खाडी ओलांडायची आहे. इकडे मुरूड तालुका, पलीकडे श्रीवर्धन. ऑगस्टअखेर इकडच्या मुलांचं वाचून झालं की तीच पेटी बोटीतून दिघीच्या बाजूच्या शाळेत जाऊ दे. फक्त इकडचा निकाल पेटीत टाकू नका. तो बंद पाकिटात तुमच्याजवळच राहू दे, आणि पलीकडच्या पंचांचं पाकीट आलं की १५ ऑक्टोबरला दोन्ही एकत्र उघडा.