240 दिवसांची रेघ

वाळूज एमआयडीसीत ‘ब्रेक दिला’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कन्नड, सिल्लोड, गंगापूरकडून आलेला आयटीआय झालेला मुलगा सात महिने लाइनवर उभा राहतो आणि मग त्याचा गेटपास परत घेतला जातो. महिना-दीड महिन्याने तोच मुलगा त्याच मशीनवर येतो, पण ठेकेदार दुसरा आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. रांजणगाव शेणपुंजीत एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. एकाला ब्रेक मिळाला की त्याच्या वाटणीचे भाडे तेवढे दिवस बाकीचे भरतात.

सातच महिने का? बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कामगाराला नोकरीचे कायदेशीर संरक्षण मिळते आणि महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे तात्पुरता कामगार कायम होण्यास पात्र ठरतो. रेघ त्याच्या भल्यासाठी ओढली होती. आज ती ओलांडू न देणे ही कारखानदारीची रीतच झाली आहे.

त्यामुळे एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांत एक परमनंट असतो आणि दुसरा ठेकेदाराचा. हातातला पाना सारखा, टार्गेट सारखे. पण पहिल्याला युनियनचा वेतनकरार आहे, त्यावर बँक घरासाठी कर्ज देते. दुसऱ्याचा पगार किमान वेतनाच्या आसपासच घुटमळतो आणि लग्नाच्या बैठकीत ‘परमनंट आहे का?’ या प्रश्नावर त्याला मान खाली घालावी लागते. हे फक्त वाळूजचे नाही. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर दहा कामगारांमागे चार कंत्राटी आहेत. सारख्या कामाला सारखे वेतन हा नियम कंत्राटी कामगारांसाठी 1971 पासून कागदावर आहे.

कडक कायद्यांमुळेच ही दरी पडली, ते सैल करा, असे उद्योजक म्हणतात. त्यात अर्धे तथ्य आहे. दक्षिण आफ्रिकेत कामगार कायदे भक्कम आहेत, तरी उत्पन्नाची विषमता जगात सर्वाधिक असलेल्या देशांत तो मोडतो, कारण तिथल्या श्रमशक्तीचा जवळपास तिसरा हिस्सा बेकार आहे आणि कायद्याचे छत्र त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पण स्पेनने वेगळी वाट धरली. तिथे चारांतला एक कामगार तात्पुरत्या करारावर असायचा. 2022 पासून अशा करारांनाच लगाम घातला आणि दोन वर्षांत हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या खाली आले. रोजगार घटला नाही, वाढला.

आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही तरतूद चांगली आहे, तिचे स्वागत. पण मुदतीचे करार किती वेळा लागोपाठ करावेत, याला मर्यादाच नाही. कपातीसाठी सरकारची परवानगी आता 100 ऐवजी 300 कामगारांपासून लागते. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी 50 जणांपासून लागू होतात, म्हणजे चिकलठाणा-वाळूजमधली कितीतरी छोटी व्हेंडर युनिट्स त्यांच्या बाहेरच राहतात. दरी बुजवायची तर खालच्याला वर घ्यावे लागते. इथे वरच्याची जमीन खचते आहे आणि खालचा बराचसा आहे तिथेच आहे.

बिडकीनला टोयोटा किर्लोस्कर येते आहे. जुलै 2024 मध्ये 20,000 कोटींचा सामंजस्य करार झाला, तेव्हा किती हजार हातांना काम मिळणार याच्या बातम्या रंगल्या. त्यातली किती कामे कायम स्वरूपाची, हे कुणी विचारले नाही. जमीन, पाणी, वीज आणि करसवलत देताना सरकारने हा आकडा लेखी मागावा, आणि आपल्या आमदार-खासदारांनी तो जाहीर करायला लावावा.