संदर्भापासून लेखापर्यंतची वाट ग्रंथालयाने खुली करावी

प्रति,
मा. कुलगुरू यांच्या सेवेशी

विषय : विद्यापीठ ग्रंथालयात एकत्रित शोधप्रणाली व संदर्भ-दुवा सेवा सुरू करण्याबाबत.

महोदय,

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, तीतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना उपलब्ध होत आहेत; तथापि नियतकालिकाची वर्गणी भरली गेली म्हणजे हवा तो लेख वाचकाच्या हाती पडतोच असे नाही.

संशोधक विद्यार्थी तळटीपेतील संदर्भावरून मूळ लेखाकडे वळला, की प्रकाशकाच्या संकेतस्थळावर त्याच्याकडे डॉलरमध्ये शुल्क मागितले जाते आणि तो माघारी फिरतो. तोच लेख विद्यापीठाच्या वर्गणीतील दुसऱ्या डेटाबेसमध्ये, म्हणजे लेखांच्या शोधसुलभ संग्रहात, असला तरी त्याला ते कळण्याची सोय नसते. नेमक्या याच अडचणीवर बेल्जियममधील गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हान द सोम्पेल यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस उपाय शोधला. त्यातून पुढे आलेल्या ‘ओपन यूआरएल’ पद्धतीत लेखक, शीर्षक, वर्ष, खंड व पृष्ठ हा तपशील दुव्यातच गुंफून ग्रंथालयाच्या सर्व्हरकडे जातो, तेथील ‘लिंक रिझॉल्व्हर’ ही आज्ञावली तो वर्गणीच्या यादीशी ताडून पाहते आणि वाचकाला त्याच्या हक्काच्या प्रतीकडे नेते. प्रत नसल्यास आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज त्याच्यापुढे ठेवता येतो. जगभरातील ग्रंथालयांत रुळलेली ही सोय येथील विद्यार्थ्याला अद्याप मिळू नये, ही खेदाची बाब आहे.

मराठीतील संशोधनाची स्थिती याहून बिकट आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले लेख शोधयंत्राला वाचता येत नाहीत. ‘हिंदी’ व ‘हिन्दी’ ही रूपे साध्या शोधात वेगळी पडतात. आणि देवनागरीत ‘मालशे’ म्हणून नोंदलेला ग्रंथकार रोमन नोंदींत सापडत नाही.

म्हणून ग्रंथालयाने येत्या शैक्षणिक वर्षापासून लिंक रिझॉल्व्हर बसवून तो गूगल स्कॉलरच्या ग्रंथालय-दुव्यांशी जोडावा, सर्व डेटाबेस एकाच शोधखिडकीतून खुले करावेत आणि घरून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तेथे प्रवेश द्यावा. मराठी नियतकालिकांच्या सूची युनिकोडमध्ये आणून नामभेद एका नोंदीखाली बांधण्याचे काम मराठी विभागाच्या साहाय्याने हाती घ्यावे. वर्गणीची यादी सतत अद्ययावत ठेवावी लागत असल्याने त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित ग्रंथपाल नेमणे अपरिहार्य आहे, कारण यादी जुनी झाली की दुवाही चुकतो.

या मागण्यांचा विद्या परिषदेच्या आगामी बैठकीत विचार होऊन आगामी अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद व्हावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी व अध्यापक