कोयता उचलण्यापूर्वी

ज्या कोयत्याने ऊसतोडणीचा मजूर आपली भाकर मिळवितो, तोच कोयता नाचवीत मिसरूडही न फुटलेली पोरे पुण्याच्या वस्त्यांतून मोटारींच्या काचा फोडीत हिंडतात, आणि दुकानदार मुकाट्याने दुकाने बंद करून घेतात, हे दृश्य या विद्येच्या शहराला आता अपरिचित राहिलेले नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरुडात शरद मोहोळ या कुख्यात गुंडाला भर दिवसा गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी अडीचशेहून अधिक गुन्हेगार आयुक्तालयात बोलावून त्यांना रांगेत उभे केले. शहराला धीर वाटला. परंतु त्याच वर्षी १ सप्टेंबरला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा भर वस्तीत खून पडला. रांगेत उभे केल्याने दरारा दिसतो, टोळी मोडत नाही, एवढा बोध यातून आपण घ्यावयास हवा.

पोलिसांच्या हाती अधिकार नाहीत काय? अधिकार पुष्कळ आहेत. १९५१ च्या पोलीस कायद्यान्वये गुंडाला दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येते. 'एमपीडीए' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९८१ च्या कायद्याने धोकादायक इसमाला वर्षभर स्थानबद्ध ठेवता येते. १९९९ चा 'मोक्का' तर संघटित टोळ्यांसाठीच झाला. ही शस्त्रे बोथट आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती उशिरा चालतात, हे कोण नाकारील? मोक्का लावावयाचा, तर टोळीवर मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात. म्हणजे पोरगा पुरता गुंड होईपर्यंत कायद्याने वाट पाहावयाची! तडीपार झालेला इसम शेजारच्या जिल्ह्याची डोकेदुखी होतो, नाहीतर रात्री गुपचूप घरी येऊन जेवून जातो. शिवाय तडीपारी हा असाधारण उपाय असून तो क्वचितच वापरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावलेच आहे.

टोळी जन्मतानाच जो तिला ओळखू शकतो असा माणूस पोलीस खात्यात एकच आहे, आणि तो म्हणजे बीटवरचा हवालदार. कालपर्यंत चहाच्या गाडीवर कपबश्या विसळणारा पोरगा आज कोणाच्या पैशाने नवी मोटारसायकल उडवितो, कोणाच्या वाढदिवसाचे फलक चौकात लागतात, केक कापावयास सुरीऐवजी तलवार कोण घेतो, हे त्याला ठाऊक असावयास हवे. पण त्याला ते कळावे कसे? आज मंत्र्यांचा दौरा, उद्या मिरवणूक, परवा सभा, अशा बंदोबस्तात त्याचे दिवस जातात, आणि गल्लीची ओळख होऊ लागते न लागते तोच बदलीचा हुकूम हाती पडतो. चौकीत माणूस नसेल, तर आयुक्तालयातील नकाशे आणि चौकाचौकांतील कॅमेरे काय करणार? कॅमेरा झालेला गुन्हा दाखवितो. होऊ घातलेला गुन्हा दाखवीत नाही.

या लेखकाची काही वर्षे शाळेच्या फळ्यापुढे गेली आहेत. मुलगा एका दिवसात बिघडत नाही. आधी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढतात, मग त्याचे नाव पटावरून उतरते, आणि ज्याला शाळेने सोडले त्याला 'भाई' जवळ करतो. अल्पवयीनाला शिक्षा सौम्य, म्हणून हत्यार त्याच्याच हाती द्यावयाचे, हा या भाईंचा हिशेब आहे. वस्तुतः २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढांस सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, असेही तोच कायदा म्हणतो. या अधिकाऱ्याची आणि मुख्याध्यापकाची महिन्यातून एकदा तरी गाठ पडते काय? पकडलेल्या पोराबरोबर त्याला कोयता देणाऱ्यावरही हे कलम लागते काय? लोकांनी विचारावयाचे ते हे प्रश्न होत.

आणि आता दोन शब्द आपणा सुशिक्षितांना. ज्याच्याविरुद्ध साक्षीदार भयाने उघडपणे पुढे येत नाहीत, अशा गुंडाला तडीपार करावे, अशी तरतूद १९५१ च्या त्या कायद्यात आहे. आपले भय आपल्या कायद्यातच लिहून ठेवलेले आहे, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. ती प्रत्येक चौकीत मराठीतून लावली गेली पाहिजे. पण ज्या फलकावर आमदार-नगरसेवकांच्या छबीशेजारी गुंडाची छबी झळकते, त्या फलकाखालून आपण रोज खाली मान घालून जातो, आणि उत्सवाच्या वर्गणीचा आकडा 'भाई'ने सांगितला की निमूटपणे पाकीट काढतो. हे संरक्षण कोणती योजना देणार?

आमची मागणी साधी आहे. बीटवरचा हवालदार निदान तीन वर्षे त्याच बीटवर राहू द्या, त्याला बंदोबस्तातून मोकळे करा, आणि शाळेतून गळालेल्या मुलाची खबर ठाण्याला गुन्हा घडण्याआधी मिळेल अशी व्यवस्था करा. टोळीप्रमुखाबरोबर छायाचित्र काढून घेणाऱ्या पुढाऱ्याला मत द्यावयाचे की नाही, हे मात्र पोलिसांनी नव्हे, आपणच ठरवावयाचे आहे.