दुसरा बार फुसका!

ऑनसाइट गेलेल्या आपल्या पोरांपैकी कुणी ना कुणी विकेंडला क्ले शूटिंग करून येतं आणि मग त्याला स्वतःची ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची दुनळी, घ्यायची हुक्की येते. बेरेटाची किंमत बघून डोळे पांढरे होतात. गाडी वळते तुर्कस्तानातल्या हुग्लू गावच्या बंदुकांकडे, नाहीतर ब्राझीलमध्ये बनलेल्या स्टोगर कॉन्डोरकडे.

टिकतात का? शिकाऱ्याकडे टिकतात. तो सीझनभरात उडवून उडवून किती काडतुसं उडवणार? क्लेवाला मात्र एका राउंडला २५, दिवसाला सहज १००! एवढ्या माऱ्यात आधी दमतात ते इजेक्टर, फायरिंग पिन आणि स्प्रिंगा.

खरा वैताग ट्रिगरचा. काही बंदुकांत पहिल्या बाराच्या धक्क्यावर दुसरी नळी सज्ज होते. २४ ग्रॅमचं हलकं काडतूस घातलं की कधीकधी धक्काच पुरत नाही आणि दुसरा बार होत नाही. अशा वेळी लगेच उघडून डोकावायचं नाही हं! नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबायचं.

सेकंडहँड बघताय? आधी रिकामी असल्याची खात्री करा. मग नळीखालचं लाकूड काढून, बंदूक बंद करून हलवा. बिजागरीत खडखडली तर सरळ परत द्या. वरची लिव्हर मध्यरेषेच्या डावीकडे गेलेली असेल, तरी तेच.

रोज क्लेच फोडायच्या असतील तर मी नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा जुनी, नीट राखलेली बेरेटा घ्यायला सांगेन. स्वस्तातलीच हवी असेल तर तिची स्प्रिंग कुठे मिळते, ते पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विचारा.