मैलांचे चलन आणि प्रवाशाची निवड

विमान कंपन्यांच्या 'फ्रीक्वेंट फ्लायर' योजनांपैकी कोणती पत्करावी, की दोन-तीन एकदम चालवाव्यात, याची चर्चा मध्यमवर्गीय घरांतून हल्ली गांभीर्याने चालते. व्यवहारापुरते उत्तर सोपे आहे. ज्याला वर्षातून दोनदाच विमानाने जावयाचे त्याने पॉइंट एकाच ठिकाणी साठवावेत. विखुरलेले पॉइंट तिकिटाएवढे होण्याआधीच बहुधा मुदतबाह्य होतात.

अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरील नियंत्रण उठविणारा कायदा झाला आणि १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना काढली. भाडे न उतरवता गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा हा उपाय! पॉइंट हे वस्तुतः खासगी चलन आहे. कंपनी ते छापते, कार्डांसाठी बँकांना विकते आणि मर्जीनुसार त्याचे मोल घटविते. २०२० च्या महामारीत युनायटेड एअरलाइन्सने आपली योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभारले.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली व दोन योजनांची एक झाली. देशांतर्गत वाहतूक बहुतांशी टाटा आणि इंडिगो यांच्या हाती असताना निवड ती कसली?

सरकारी दौऱ्यावर मिळालेले पॉइंट खात्याच्याच प्रवासासाठी वापरावेत, असा केंद्राचा नियम आहे. खासगी क्षेत्रात मात्र तिकीट कंपनीचे आणि पॉइंट साहेबाचे. त्या खर्चावर करात वजावट, म्हणजे काही भार करदात्यावरही. सरकारी कारकुनाला लागू असलेला नियम तेथेही लावावा, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी अंदाजपत्रकापूर्वी लावून धरावी.